जर्मनीतली पहिली पानगळ: सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारच्या सहली

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हल्ली महिन्यातून एखादी संध्याकाळ अशी येते. ओळखीतलं कुणी तरी येतं, सोबत पंचविशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी असते, आणि चहा येईपर्यंत विषय निघतो. "हिचं जर्मनीचं झालंय, सप्टेंबरात निघायचंय. तुम्ही राहून आलात ना तिकडं, जरा सांगा हिला." फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मी तिथं चार वर्षं नोकरी केली. म्हणून ही मंडळी माझ्याकडं येतात.

व्हिसा, भाषा, पगार यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी सुट्टीच्या दिवसांबद्दल सांगते, कारण माझी पहिली पानगळ त्यातच वाया गेली. शनिवारी अकराला उठायचं, कपडे धुवायचे, वरणभात लावायचा, आईला व्हिडिओ कॉल करायचा. बाहेर पडू म्हणेपर्यंत अंधार. नोव्हेंबर संपला तेव्हा मी ऑफिस, खोली आणि किराणा दुकान एवढंच पाहिलं होतं, आणि रोज संध्याकाळी रडू यायचं. पुढच्या वर्षी त्याच आठ-दहा आठवड्यांत मी नऊ सहली केल्या. त्यातली एकही घरापासून दोन तासांहून लांब नव्हती, आणि नोव्हेंबर बरा गेला. खालचं सगळं त्या नऊ सहलींमधून आलेलं आहे. उदाहरणं स्टुटगार्टची आहेत. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर जागा बदलतील, रीत तीच राहील.

निघण्याआधी, सोलापुरातच

बूट आधी. घोट्यापर्यंतचे, तळाला खाच असलेले, पाणी आत न घेणारे. इथं घेत असाल तर महिनाभर घालून फिरा, म्हणजे चावायचे तेवढे इथंच चावून होतील. जाड कोट मात्र इथून नेऊ नका. आपल्या थंडीला पुरतो तो कोट तिथं ऑक्टोबरातही अपुरा पडतो, आणि बॅगेतली जागा खातो ती वेगळीच. तिथं जाऊन घ्या. सोलापुरी चादर एक न्या, पण खोलीसाठी.

सहलीसाठी आपल्याकडून नेण्यासारखी सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हे मी अगदी गांभीर्यानं सांगते आहे. बाहेर एक वेळचं साधं जेवण घ्यायचं तर सहज पंधरा युरो जातात, आणि शाकाहारी असाल तर लहान गावात बऱ्याचदा बटाटा आणि चीज यावरच भागवावं लागतं. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि गरम करावी लागत नाही. शेंगाचटणीचं तेल सुटतं म्हणून तिला फिरकीच्या झाकणाचा डबा हवा. पेढे, खवा, तूप नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशानं दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

पायांची तयारी करायला वेगळं काही नको. कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांपैकी असाल तर तिथल्या कुठल्याही डोंगरवाटेला पुरून उराल.

पहिले दोन आठवडे

या काळात कुठंही लांब जाऊ नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवणं सक्तीचं आहे, आणि बँक, विमा, पगार हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं. सुट्टीच्या दिवशी आपल्याच शहरात ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि परत या. फलाटाला 'ग्लाइस' म्हणतात, गाडी रद्द झाली की 'आउसफाल' लिहिलेलं येतं, उशिराला 'फेरश्पेटुंग', आणि रुळांच्या कामामुळं गाडीऐवजी बस सोडली की 'एर्झाट्सफेरकेअर'. हे चार शब्द फलकावर ओळखता आले की निम्मी भीती जाते.

तिकीट

'डॉइचलांडटिकेट' नावाचं महिन्याचं वर्गणी-तिकीट घ्या. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. अनेक मालक त्यातला काही भाग उचलतात, म्हणून स्वतः काढण्याआधी ऑफिसात विचारा. या एका तिकिटावर देशभरातल्या लोकल, ट्राम, शहर बस आणि प्रादेशिक गाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. गाडीच्या रंगावर जाऊ नका, क्रमांकाआधीची अक्षरं बघा: एस, आरबी, आरई असेल तर बसा, आयसी, ईसी, आयसीई असेल तर बसू नका. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त या तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा.

फलाटावर आत जाताना कुणी अडवत नाही, म्हणून तपासणी नसतेच असा समज होतो. असते. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. डॉइचलांडटिकेट ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, तेव्हा सोबत ओळखपत्र ठेवा आणि मैत्रिणीला वापरायला देऊ नका. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

ज्यांच्याकडं ते तिकीट नाही असे चार-पाच जण मिळून जाणार असाल तर राज्याचं एक दिवसाचं गट-तिकीट मिळतं. पाच जणांपर्यंत चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर.

उजेडाचा हिशेब

ही पायरी कुणीच सांगत नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाची हीच. सोलापुरात वर्षभरात सूर्यास्त तास-सव्वा तासानं मागंपुढं होतो, त्यामुळं आपल्याला उजेड मोजायची सवयच नसते. स्टुटगार्टला सप्टेंबरच्या शेवटी सव्वासातपर्यंत उजेड असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळं एक तास मागं घेतात, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळलेला असतो. नोव्हेंबरअखेर साडेचारला. म्हणजे दोन महिन्यांत संध्याकाळचे पावणेतीन तास हातून जातात.

म्हणून सहल उलटीकडून आखायची. सूर्यास्त कधी आहे ते बघा, त्याआधी तासभर जंगलातून किंवा डोंगरावरून खाली आलेलं असायचं असं ठरवा, मग परतीची गाडी शोधा, आणि जायची गाडी सगळ्यांत शेवटी. परतीसाठी शेवटची गाडी कधीच धरू नका, तिच्या आधीची धरा. गाड्या रद्द होतात आणि रुळांची कामं बहुधा शनिवार-रविवारीच काढतात. आदल्या रात्री बघितलेलं वेळापत्रक सकाळी निघताना पुन्हा बघा.

घड्याळ बदललं की भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांचं साडेचार तास होतं. घरचे रात्री आठला फोनची वाट बघत असतील तर तुमच्याकडं आधी साडेचार वाजलेले असायचे, आता साडेतीन. म्हणजे ऐन फिरण्याची वेळ. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की शनिवारचा फोन सकाळी गाडीतून येईल. मी हे सांगितलं नव्हतं, आणि एका शनिवारी डोंगरात रेंज नसताना आईनं अकरा वेळा फोन लावला.

गाडीत बसताना आणखी एक. काही प्रादेशिक गाड्या वाटेत तुटतात. होटगीला एक वाट विजापूरकडं आणि एक वाडीकडं जाते हे आपल्याला ठाऊक आहे, पण तिथं एकाच गाडीचे पुढचे डबे एकीकडं आणि मागचे दुसरीकडं जातात. डब्याच्या दारावरच्या पाटीवर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. मी एकदा न वाचता चढले आणि तासाभरानं भलत्याच दरीत उतरले. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर एकटी, पाऊस, आणि सोबत छत्री नाही.

कुठं जायचं, आणि कधी

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत स्टुटगार्टमध्येच कान्श्टाटची जत्रा भरते. सोलापूरकरांनी ती बघितलीच पाहिजे, बिअरसाठी नव्हे, तिच्या मुळासाठी. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये उद्रेक झाला, त्याच्या धुळीनं १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, माणसं उपाशी मरू लागली. दुष्काळ सरल्यावर राजा पहिला विल्हेल्म यानं १८१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी हा उत्सव सुरू केला. मैदानाच्या मध्यभागी आजही धान्य-फळांनी सजवलेला उंच खांब उभा करतात. आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. त्या खांबाखाली उभी राहिले तेव्हा सोलापुरात होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची आठवण येऊन घसा दाटला. पाळणे, खाऊची दुकानं, पोरांचा गलका, सगळं ओळखीचं. मैदानात जायला पैसे लागत नाहीत. शनिवारी रात्री जाऊ नका, दारूच्या तंबूंभोवती फार गर्दी आणि धक्काबुक्की असते. रविवारी सकाळी जा, कुटुंबं येतात.

त्याच दिवसांत लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या बागेत भोपळ्यांचं प्रदर्शन असतं. लोकलनं अर्ध्या तासाच्या आत पोचता. शेकडो जातींचे भोपळे आणि त्यांच्यापासून रचलेल्या मोठमोठ्या आकृत्या. पहिली सहल म्हणून उत्तम, कारण चुकायला काही नाही आणि गरम भोपळ्याचं सूप मिळतं.

ऑक्टोबरचे मधले दोन आठवडे जंगलासाठी राखून ठेवा. आपल्याकडं शरद म्हणजे निरभ्र आभाळ आणि टिपूर चांदणं. झाडं बोडकी होतात ती माघ-फाल्गुनात. तिथं शरदातच पानगळ असते. दिवस लहान आणि गार झाले की पानांतलं हिरवं द्रव्य मोडून जातं, मग आधीपासून खाली दडलेला पिवळा वर येतो, आणि काही झाडं लाल रंग नव्यानं तयार करतात. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे, त्यावर बीच नावाच्या झाडांची दाट जंगलं. ती तांब्यासारखी होतात. पंधरा दिवस राहतात, मग एका वादळात सगळं खाली.

हे बघायला बाड उराखला जा. मेट्झिंगेनला गाडी बदलायची, छोट्या गाडीनं दरीत शिरायचं, आणि धबधब्याच्या नावाचंच स्टेशन आहे तिथं उतरायचं. तिथून ओढ्याच्या काठानं अर्ध्या-पाऊण तासात सपाट वाटेनं धबधब्यापाशी पोचता. पाणी ३७ मीटरवरून पडतं. फार मोठं नाही. नळदुर्गच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळताना पाहिलेल्यांना पाण्याचा जोर कमीच वाटेल. पण इथं ते पाणी चुना सोबत आणतं आणि पडता पडता स्वतःचाच खडक वाढवतं, त्यावर मऊ हिरवं शेवाळ, आणि भोवती तांबूस जंगल. बाजूच्या पायऱ्यांनी वर गेलात की एक हिरवळ लागते. तिथं बसून भाकरी खा. दमला नसाल तर पुढं होहेनउराख किल्ल्याचे अवशेष आहेत. उतरताना सांभाळा: ओल्या पानांखाली चुनखडी साबणासारखी घसरते. माझ्यासोबत आलेल्या एका मुलाचं मनगट तिथंच मोडलं, साध्या स्पोर्ट शूजमुळं.

होहेनत्सोलर्नचा किल्ला याच पट्ट्यात, हेखिंगेन स्टेशनपासून जवळ, ८५५ मीटर उंचीच्या सुट्या डोंगरावर. आज दिसतो तो १८५० ते १८६७ या काळात बांधलेला, त्या जागेवरचा तिसरा. तिकीट आधी ऑनलाइन काढा. खाली धुकं असलं तरी जायचं रद्द करू नका. शरदात थंड हवा दऱ्यांत साचून राहते आणि धुकं खालीच अडकतं. वर चढून गेलं की लख्ख ऊन आणि पायाखाली पांढरा समुद्र दिसतो. जायच्या आधी किल्ल्यावरच्या वेबकॅमेऱ्यात बघून घ्या.

ट्यूबिंगेन अर्ध्या दिवसाचं. १४७७ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, नेकार नदीवर बांबूसारख्या लांब काठीनं ढकलायच्या होड्या, आणि विद्यार्थ्यांमुळं स्वस्त खाणं. एस्लिंगेन तर लोकलच्या टप्प्यात आहे, द्राक्षमळ्यांतून वर चढत जायचं आणि खाली लाकडी चौकटींची जुनी घरं बघायची.

नोव्हेंबरात पाऊस आणि अंधार वाढला की शहरांकडं वळा. उल्मच्या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे. १३७७ मध्ये पाया घातला, १८९० मध्ये काम संपलं, आणि २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या चर्चनं मागं टाकेपर्यंत जगात तोच सर्वांत उंच होता. एकूण ७६८ पायऱ्या. दुरुस्तीमुळं वरचा भाग कधी कधी बंद असतो, तेव्हा तिकीट घेण्याआधी विचारा. गोलघुमटाच्या जिन्यात दम लागला असेल तर इथं घाई करू नका. आइन्स्टाइनचा जन्म याच गावातला, १८७९ चा. संग्रहालयांसाठी सोमवारची सुट्टी धरू नका, बहुतेक ठिकाणी सोमवारी बंद असतात.

शनिवार की रविवार

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. किराणा, कपडे, सगळं. मोठ्या स्टेशनातली दुकानं आणि सकाळच्या काही बेकऱ्या तेवढ्या चालू. म्हणून बाजारपेठेचं गाव असेल तर शनिवारी जा, जंगल किंवा किल्ला असेल तर रविवारी, आणि शुक्रवारी संध्याकाळीच भाजी-दूध भरून ठेवा. रुग्णालयात पाळीनं काम करणाऱ्यांची सुट्टी मंगळवारी-बुधवारी येते; त्यांनी उलट खूश व्हावं, किल्ले रिकामे मिळतात.

३ ऑक्टोबर ही देशभर सुट्टी, १९९० च्या एकीकरणाची. १ नोव्हेंबरची सुट्टी बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये असते पण सगळ्या राज्यांत नाही. या दोन दिवशीही दुकानं बंद.

पिशवीत

पाण्याची बाटली घरूनच भरा, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. विकत घेतलीत तर डब्यावर किंवा प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, फेकू नका, दुकानातल्या यंत्रात परत करून पैसे घ्या. पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी वेगळी ठेवा, स्वच्छतागृहात लागतात. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घाला, गाडीत उकडतं. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. विजेरी, पॉवर बँक, आरोग्य विम्याचं कार्ड. अडचणीत ११२.

जंगलात गवतातून चालल्यावर घरी येऊन पाय, गुडघ्यामागची जागा, काखा तपासा. गोचीड शरदातही चावते आणि या राज्यात तिच्यामुळं मेंदूज्वर होऊ शकतो. त्याची लस मिळते, डॉक्टरांना विचारा. रानातल्या अळंब्या तोडून आणू नका, कितीही ओळखीच्या वाटल्या तरी. चेस्टनटही दोन प्रकारचे पडलेले असतात. बारीक दाट काट्यांच्या कवचातला, टोकाला शेंडी असलेला खायचा. मोजक्या जाड काट्यांच्या हिरव्या कवचातला गोल, गुळगुळीत तो विषारी. शंका आली तर सोडून द्या.

सीमेपलीकडं

स्ट्रासबुर्ग फ्रान्समध्ये आहे, पण सीमेवरच्या केल गावापर्यंत आपलं तिकीट चालतं आणि तिथून पूल ओलांडून ट्राम जाते. तिथलं १४२ मीटरचं कॅथेड्रल दोनशेहून जास्त वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होती. जाताना मूळ पासपोर्ट आणि जर्मन राहिवासाचं कार्ड दोन्ही बरोबर हवंच, फोनमधला फोटो चालत नाही. स्वित्झर्लंडही याच परवान्यावर जमतं, मात्र तिथं फ्रँक चालतो आणि मोबाइलचं इंटरनेट वेगळं कापलं जाऊ शकतं, म्हणून सीमेआधी बंद करा. लंडनला या कार्डावर जाता येत नाही.

सणांचे शनिवार

नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी हे सगळं याच आठवड्यांत येतं. घरच्या ग्रुपवर रूपाभवानीचे, तुळजापूरच्या वाटेचे फोटो येऊ लागतात आणि खोलीत बसवत नाही. त्या दिवसांसाठी सहल आधीच ठरवून ठेवा आणि कुणाला तरी सोबत घ्या. ऑफिसातल्या नव्या तुर्की किंवा केरळच्या मुलीलाही तितकंच एकटं वाटत असतं, तिला विचारा.

कोजागिरीला गाडीनं जायची गरज नाही. स्टुटगार्टच्या पश्चिमेला बिर्केनकोप्फ नावाची ५११ मीटरची टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा तिथं आणून टाकला, त्यानं ती साधारण चाळीस मीटर वाढली. माथ्यावर अजून कोरीव दगड पडलेले आहेत. शहर बस पायथ्याशी सोडते, वर जायला गोल फिरणारी सोपी वाट आहे, अंधारातही विजेरीनं जाता येतं. आम्ही पाच जणी दोन थर्मासमध्ये मसाला दूध घेऊन गेलो होतो. केशर सोलापूरहून आणलेलं, जायफळ तिथलं. दूध उकळतंच भरा, वर पोचेपर्यंत पिण्याजोगं होतं. आणि बसायला जाड पंचा किंवा जुनी चादर न्या, ते दगड फार गार असतात.